जुनी सोसायटी इको-फ्रेंडली करताय? मग सोलर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न असा की पुण्यात चाळीसेक वर्षांची तीन मजली सोसायटी आहे, २० फ्लॅट, लिफ्ट नाही, बिल्डर येऊन जातात पण रिडेव्हलपमेंटचं गाडं काही पुढे सरकत नाही, आणि तोवर बिल्डिंग पर्यावरणपूरक करूया म्हणून काही मेंबर सोलरच्या मागे लागलेत, तर सुरुवात कुठून करायची. मी कोथरूडला अशाच सोसायटीत राहते, कमिटीतही काही वर्षं काढलीयेत, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

सोलरचं आधी बोलून टाकते, कारण ते सगळ्यांना आवडतं. लिफ्ट नाही म्हणजे तुमच्या कॉमन मीटरवर आहे काय? पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे. २ एचपीचा पंप म्हणजे दीड किलोवॉट, दिवसाला दोन तास चालला तर ३ युनिट, दिवे एलईडी असतील तर वर आणखी एखाद-दोन. १ किलोवॉट सोलर दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे २ किलोवॉटमध्ये विषय संपला. तरी सोलरवाला १० किलोवॉटचं कोटेशन हातात ठेवणार. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये सबसिडी आहे हे खरं, पण सबसिडी मिळते म्हणून नको तेवढं पॅनल घेण्यात काय अर्थ आहे. आणि प्रत्येक फ्लॅटने आपापलं ३ किलोवॉट लावायचं म्हटलं तर एकेकाला ३०० चौरस फूट गच्ची लागते, २० जणांना ६,०००. तेवढी गच्ची आहे का तुमच्याकडे? नसणारच, मग कोणाला जागा द्यायची यावरून भांडणं. शिवाय पॅनलचं स्ट्रक्चर एकदा उभं राहिलं की २०-२५ वर्षांची सोय झाली असं आपण धरतो, पण खालचा कोबा तीन वर्षांत गळायला लागला की सगळं उचलून परत बसवायचं, ते पैसे वेगळे. म्हणून गच्ची आधी, सोलर मागाहून.

त्याच्याही आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं, किती सोसायट्या करतात ते सोडा. त्यात कॉलम-बीमच्या सळया पार गेल्यात असं निघालं तर इको-फ्रेंडली वगैरे विसरा, लोकांचा जीव महत्त्वाचा, तिथे मी जुनी बिल्डिंग वाचवा असं अजिबात म्हणणार नाही. पण बऱ्याच वेळा दुखणं वरचंच असतं. गच्चीतून किंवा बाथरूममधून पाणी मुरतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. मग गवंडी येतो, वरून सिमेंट थापतो, रंग मारतो, दोन पावसाळ्यांत तेच ढेकूळ परत कुणाच्या तरी स्कूटरवर. सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरणारा माणूस महाग पडतो, पण इमारतीचं आयुष्य तिथेच वाढतं. आणि ड्रेनेजच्या बिडाच्या पाइपांच्या सांध्यात पिंपळ उगवलेला असतो ना, तो नुसता छाटू नका, मुळासकट काढा. झाडं वाचवणाऱ्या मेंबरांनाही एवढं झाड काढायला सांगा.

मला विचाराल तर असलेली इमारत आणखी २० वर्षं धड उभी ठेवणं हाच मोठा पर्यावरणपूरक उद्योग आहे. जगभरात जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्यातला ७-८ टक्के एकट्या सिमेंटच्या कारखानदारीतून येतो. तुमच्या बिल्डिंगचं सिमेंट, लोखंड, विटा यांचा कार्बनचा सगळा खर्च चाळीस वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. ती पाडायची, राडारोडा कुठेतरी ओतायचा, खाली दोन मजले पार्किंगला ठेवून अकरा मजले चढवायचे आणि वर ग्रीन रेटिंगची पाटी लावायची, हा हिशोब मला कधी पटलेला नाही.

आता गच्ची. तुमच्या बिल्डिंगच्या वयाच्या कित्येक गच्च्यांवर मूळचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर, आणि त्यावर चायना मोझॅक असायचा, म्हणजे पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे. ज्याला आज कूल रूफ म्हणून विकतात ते थोडंफार हेच, पांढरं असल्याने ऊन परत फेकतं. नंतर कधीतरी गळती लागली आणि कमिटीने त्यावर काळं डांबरी शीट चढवलं, झालं, तिसऱ्या मजल्याची भट्टी. एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता वरच्या फ्लॅटच्या छताला स्टुलावर चढून हात लावून बघा, दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हाही गरम लागतो, आणि मग ते लोक एसी घेतात आणि त्याचं आउटडोअर युनिट डक्टमध्ये लटकवतात, सगळी गरम हवा शेजाऱ्याच्या बाथरूमच्या खिडकीत. वॉटरप्रूफिंग करणारच असाल तर वरचा थर पांढराच घ्या, परत चायना मोझॅक करा किंवा उन्हाचा पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट द्या, हा कोट स्वस्त पडतो पण दर काही वर्षांनी परत मारावा लागतो आणि धूळ बसली की धुवावाही लागतो. अहमदाबादला २०१७ पासून वस्त्यांमधल्या छपरांना साधा चुन्याचा पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम झालाय, तेव्हा ही काही श्रीमंतांची चैन नाही.

हेच घराच्या आतही. १९८०-९० च्या फ्लॅटमध्ये समोरासमोर खिडक्या, वर झरोका, दोन फुटी छज्जा, जिन्याला सिमेंटची जाळी, हे सगळं हवेसाठीच होतं. आपण काय केलं, बाल्कनी खोलीत घेतली, झरोक्यात काच बसवली, जाळीला आतून पत्रा मारला, आणि सागवानी खिडक्या भंगारात देऊन अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग लावल्या. स्लायडिंग खिडकी कितीही मोठी घ्या, दोन ट्रॅकची असेल तर उघडते अर्धीच! जुनी झडपांची खिडकी सताड उघडायची. कोणाच्या घरी अजून सागवानी असेल तर नुसती तासून, बिजागऱ्या बदलून, पॉलिश करून घ्या म्हणावं, तसलं लाकूड आता परवडायचं नाही. म्हणून रिनोव्हेशन म्हटलं की माझा पहिला सल्ला असतो, नवीन काही आणायच्या आधी मधल्या काळात जे बुजवलंय ते उघडा. फुकटात होतं.

पाण्याचं बघा, कारण जुन्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त नासाडी तिथे आणि कोणी मोजतच नाही. वॉचमन पंप चालू करून चहाला जातो, टाकी वाहते. बोहरी आळीत वॉटर लेव्हल कंट्रोलर मिळतो, इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात बसवतो, पाणी आणि वीज दोन्ही वाचतं. जुने फ्लश एका वेळी १० लिटरच्या वर पाणी सोडतात, दोन बटणांचे ड्युअल फ्लश ३ किंवा ६. रेन वॉटरचं गणित सोपं आहे. ३,००० चौरस फूट गच्ची धरली, पुण्याचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि थोडं वाया गेलं असं समजलं तरी वर्षाला दीड लाख लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर पंधरा. फक्त एक लक्षात ठेवा, आपल्याकडे खाली काळा कातळ, कित्येक ठिकाणी चार फुटांवर लागतो, तिथे नुसता शोषखड्डा केला तर पाणी तसंच तुंबून राहतं. बोअर असेल तर फिल्टर लावून त्यातच सोडायचं, आणि पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर, कारण त्यात गच्चीवरची कबुतरांची घाण असते. आवारात भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक घातले असतील तर कडेकडेने एक पट्टा तरी उखडा, माती श्वास घेऊ दे.

घरातल्या विजेसाठी मी फक्त पंखे बदला म्हणते. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, १२ तास चालणारे चार पंखे बदलले तर महिन्याला साठेक युनिट कमी, आणि महावितरणचा १०० युनिटांपुढचा स्लॅब किती लागतो ते तुम्हाला माहितीये. भाड्याने राहणाऱ्यालाही जमतं, जाताना काढून नेता येतो.

पेठेतला वाडा असेल तर यातलं बरंच लागू नाही. तिथे विटा, माती, चुना आणि लाकूड, त्याला सिमेंटचं प्लास्टर आणि प्लास्टिक पेंट लावलात की भिंतीतला ओलावा आतच अडकतो आणि खांब सडतात. तिथे चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो.

पैशाचं म्हणाल तर सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला) आणि रिपेअर फंडात काय आहे ते आधी बघा, बहुतेक ठिकाणी नुसती एफडी करून ठेवलेली असते. पुणे महापालिका सोलर, रेन वॉटर आणि गांडूळ खत यांतलं एक केलं तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त केले तर १० टक्के सूट देते, पण प्रकल्प चालू पाहिजे, नुसता गंजलेला पाइप दाखवून चालत नाही. सर्वसाधारण सभेत सगळं एकदम मांडू नका, पाडतात. आधी वरच्या मजल्यावरच्यांना गाठा, गच्चीच्या ठरावाला ते हमखास हात वर करतात. तळमजल्यावरचे काका विचारणार “मला काय उपयोग?”, त्यांना पंपाचं बिल आणि टँकरचा खर्च दाखवा.

तुमच्या गच्चीवर आत्ता नक्की काय आहे, कोबा, शीट की पत्रा, आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी कुठवर टिकतं, हे खाली लिहा. पत्रा असेल तर रेन वॉटरची जोडणी वेगळी होते, ती त्याप्रमाणे सांगता येईल.