टिल्लूचे पाय आणि आजींची संत्रा बर्फी

टोरांटोहून एका सूनबाईंचं पत्र आहे. सासूबाई धरमपेठेतून सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्यात. नातवाचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी), टिल्लू, पाच वर्षांचा. महिनाभरापासून त्याचे मागचे पाय लटपटतात, फरशीवर पोट घासत चालतो. 'काऊन पाय ओढून राहिला बापा हा?' म्हणत आजी त्याला तान्ह्या बाळासारखं कोमट तिळाचं तेल चोळतात आणि नागपूरहून नेलेल्या संत्रा बर्फीचा तुकडा भरवतात. बर्फी खाल्ली की तो टुणकन उठतो, तासाभराने पुन्हा लोळण. सूनबाई विचारतात, आजींना थांबवू कशी?

आधी टिल्लूचं बोलू. आजींनी पाहिलं ते अगदी बरोबर आहे, फक्त अर्थ उलटा लागला. फेरेटचे मागचे पाय गळतात तेव्हा दुखणं पायांतच असतं असं नाही. हृदय, रक्तक्षय, मणका, काहीही असू शकतं; अंगातली ताकद गेली की आधी मागची बाजू बसते. पण तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये एक कारण फार नेहमीचं: इन्सुलिनोमा. स्वादुपिंडात बारीक गाठी होतात, त्या नको तेवढं इन्सुलिन सोडतात आणि रक्तातली साखर खाली येते. गोड खाल्लं की साखर चढते, त्यावर आणखी इन्सुलिन सुटतं, साखर आधीपेक्षा खाली. म्हणजे आजींची बर्फी त्याला उठवते आणि तीच पाडते. शून्यात नजर, लाळ, पंजाने तोंड ओरबाडणं, हेही दिसतंय का बघा.

फेरेट पाहणाऱ्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात न्या. त्यांच्या देखरेखीत तीनेक तास उपाशी ठेवून साखर तपासतात. घरी उपाशी ठेवू नका. आजींच्या ग्लुकोमीटरवर तपासायचा मोहही नको, माणसाच्या यंत्रावर फेरेटची साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते. रिपोर्ट कॅनडाच्या मापात येईल. 3.2 आकडा पाहून आजी घाबरतील, त्याला 18 ने गुणा: आपल्या मापात (mg/dL) साधारण 58. उपाशीपोटी 90 ते 120 ठीक, 60 च्या खाली गेली की इन्सुलिनोमाचा दाट संशय. मग शस्त्रक्रिया किंवा प्रेडनिसोलोन. हे औषध मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि आजींच्या डब्यातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल टिल्लूपासून लांब, ती त्याला विष आहेत.

पाय अचानक पूर्ण लुळे पडले, किंवा लघवीसाठी कुंथतोय पण होत नाही, तर सकाळची वाट पाहू नका.

घरात पिंजऱ्याचे मजले आणि झोपाळा काढा, सगळं एका पातळीवर. गुळगुळीत फरशीवर जुनी योगा मॅट, शी-शूच्या ट्रेची कड एका बाजूने कापून बुटकी. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. पोटाखालचे केस ओले राहिले तर कातडी सोलवटते, ते पुसून कोरडं ठेवा.

आता आजी. तुम्ही लिहिलंय त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मग या घरात साखर उतरणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? 'आई, तुमची शुगर लो झाली की पाय थरथरतात ना, तसंच त्याचं होतंय,' एवढंच म्हणा. बर्फी चूक, असं सुरुवातीलाच म्हणालात तर पुढचं कोणी ऐकणार नाही. फेरेट निव्वळ मांसाहारी, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. म्हणून मांसाचं खाणं थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, रात्रीही एकदा. हे घड्याळ आजींकडे द्या. (घरात मांस शिजत नसेल तर फेरेटचे तयार दाणे पाण्यात भिजवून चालतात.) मालीशही सुरू राहू दे, तेल मात्र नको, चाटून पोटात जातं.

उन्हाळ्यात टिल्लूला नागपुरात आणायचं पत्राच्या शेवटी विचारलंय. नाही. फेरेटला घाम येत नाही, तीस अंशांतच तो धापा टाकतो, आणि आपल्याकडे नवतपात पारा पंचेचाळिशीला टेकतो. कूलरनेही भागायचं नाही.

मधाची छोटी बाटली फ्रिजवर ठेवा, आजींचा हात पोचेल अशी. टिल्लू कोसळला तर बोटाने हिरड्यांना थोडा मध चोळायचा. झटके येत असतील तर तोंडात बोट घालायचं नाही, ओठाच्या कडेला लावायचा. शुद्धीवर आला की लगेच मांसाचं खाणं आणि डॉक्टरांना फोन. बाकी बर्फी नातवाची.