बाणावरचं विष कुणाचं? भुंगा, भुंगेरा आणि अळी

प्रश्न असा आहे: ‘कालाहारीतले सान शिकारी बाणाच्या टोकाला भुंग्याचं विष लावतात’ असं वाक्य एका भाषांतरात आलं आहे. (कालाहारी हे आफ्रिकेच्या दक्षिण भागातलं वाळवंट, आणि सान हे तिथले मूळ रहिवासी.) इथे ‘भुंगा’ चालेल, की ‘पानकिडा’ म्हणावं?

‘भुंगा’ टाळावा. बोलताना भुंगा-भुंगेरा एकमेकांच्या जागी येतात हे खरं, पण लेखी वाक्यात भुंगा म्हटलं की वाशाला भोक पाडणारा काळाभोर, गुणगुणणारा कीटकच डोळ्यांपुढे येतो, आणि तो मधमाश्यांच्या नात्यातला. पाठीवर कडक पंखांचं झाकण असलेल्या कीटकाला शेतीच्या मराठीत ‘भुंगेरा’ हा नेमका शब्द रुळलेला आहे. काकडी-भोपळ्यावरचे तांबडे भुंगेरे, गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे, द्राक्षवेलीचे डोळे कोरणारा उडद्या, हे सगळे सान लोकांच्या या आफ्रिकी कीटकाच्याच क्रायसोमेलिडी, म्हणजे पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या, कुळातले. ‘किडा’ फारच मोघम. ‘पानभुंगेरा’ लिहा, कुणालाही कळेल.

पण त्या वाक्यात याहून मोठी अडचण आहे. विष भुंगेऱ्याचं नाहीच, त्याच्या अळीचं आहे.

हा कीटक डायम्फिडिया नायग्रोऑर्नाटा. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात दूरवर आढळतो आणि कॉमिफोरा झुडपांची पानं खातो. आपला गुग्गुळ आणि हिराबोळ ज्या झाडांचे डिंक, त्यांचीच ही भावंडं. अळी पूर्ण वाढली की झुडपाखालच्या वाळूत खोल उतरते, मातीचा कोष करते आणि त्यात दीर्घकाळ अळीच्याच रूपात पडून राहते. सान लोक झुडपाच्या मुळाशी खणून हे कोष गोळा करतात. कोष फोडायचा, अळी बोटांत हलकेच चोळून सैल करायची, मग तिच्या अंगातला रस बाणावर पिळायचा आणि विस्तवाजवळ वाळवायचा. हे सगळं ज्ञान ‘भुंग्याचं विष’ या दोन शब्दांत हरवून जातं, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे अळी, कोष आणि भुंगेरा असे तीन अवस्थांचे तीन स्वच्छ शब्द असताना तर अधिकच.

हे विष रक्तात गेलं तरच मारतं. तांबड्या पेशी फुटतात, जनावर हळूहळू खचतं. जिराफासारखं मोठं जनावर पडायला काही दिवस लागतात, तोवर शिकारी माग काढत राहतात. मांस मात्र खाता येतं.

‘लावतात’ऐवजी ‘माखतात’ मला जास्त आवडेल; ‘विष माखलेला बाण’ ही आपली जुनी, भरदार शब्दयोजना आहे. आणि ‘टोकाला’ काढूनच टाका. शिकाऱ्याला स्वतःला ओरखडा उठला तर जीव जाईल, म्हणून अणकुचीदार टोक कोरडं ठेवून त्याच्या मागच्या भागावर रस माखतात. तेव्हा वाक्य असं करा: ‘कालाहारीतले सान शिकारी बाणाच्या टोकामागे पानभुंगेऱ्याच्या अळीचा विषारी रस माखतात.’