माळ्यावरचा मॉनिटर आणि नवा लॅपटॉप

प्रश्न : वडिलांचा १५ इंची, काचेच्या पडद्याचा जुना मॉनिटर माळ्यावरून काढला. लॅपटॉपला पडदा जोडायला फक्त एचडीएमआय पोर्ट आहे, मॉनिटरला जुनं व्हीजीए. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी स्वस्तातली केबल आणून जोडली, पण पडदा काळाच. मॉनिटर गेला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मॉनिटरला इतक्यात भंगारात काढू नका. खोट बहुधा केबलची आहे. व्हीजीए १९८७ सालचं. त्याच्या १५ पिनांतून रंग कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात जातात. एचडीएमआय बोलतं आकड्यांत. मध्ये दुभाषी हवा, आणि तुमच्या केबलीत नुसत्या तारा असणार. मीही एकदा अशीच केबल घेऊन फसलोय. दुकानदार म्हणाला होता, ‘चालतंय की साहेब!’

चिप असलेला ‘एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर’ मागा. शेजारी वीजपुरवठ्याचं छोटं छिद्र असलेला मिळाला तर उत्तम, काही लॅपटॉपची वीज त्याला पुरत नाही. जोडण्याआधी लॅपटॉपचं रिझोल्यूशन (पडद्यावरचे आडवे-उभे ठिपके) १०२४ बाय ७६८, रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं) ६० हर्ट्झ ठेवा. ‘आउट ऑफ रेंज’ दिसलं तर ८०० बाय ६०० करा. चित्र आल्यावर ७५ हर्ट्झ करून बघा. ६०ला हे मॉनिटर लुकलुकतात, माझं तर डोकंच धरतं.

आणि काही झालं तरी मागचं झाकण उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूब झटका देऊ शकते.