किनाऱ्यावर मेलेला देवमासा काय खात होता, हे पोट फाडून कळतं का?

तुम्ही विचारलंय की किनाऱ्याला लागून मेलेला देवमासा काय खात होता हे शास्त्रज्ञांना कसं कळतं, आणि पोट फाडलं की सगळं समजतं का. मी नेदरलँड्समध्ये शिकत असताना दोन हिवाळे हेच काम केलं. आमच्याकडे यायचे ते पॉरपॉइज, म्हणजे देवमाशांचे जेमतेम दीड मीटर लांबीचे भाऊबंद. त्यांच्या पोटातला ऐवज धुवायचा, निवडायचा आणि मोजायचा.

पोटात मासे दिसतील असं मला वाटलं होतं. बहुतेक वेळा निघतो तो राखाडी, आंबूस वासाचा रबरबाट. तो उंच काचेच्या भांड्यात घालून नळाची बारीक धार सोडायची आणि पाणी काठावरून वाहू द्यायचं. मांसाचे हलके तंतू पाण्याबरोबर निघून जातात, जड ते तळाशी बसतं. माझी आजी तांदूळ रोळायची तस्संच, फक्त इथे आपल्याला खडेच हवे असतात! हे खडे माशांच्या कानातले. ढोम्याचं डोकं खाताना दाताखाली पांढरा खडा येतो ना, तोच. प्रत्येक जातीच्या खड्याची घडण वेगळी असते, त्यामुळे त्यावरून मासा कुठला ते कळतं. डावे-उजवे जोडीला लावले की मासे किती ते कळतं आणि खड्याच्या लांबीवरून मासा केवढा होता याचा हिशेब मांडता येतो. गोबी नावाच्या बोटभर माशाचा खडा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. काळ्या बशीत सूक्ष्मदर्शकाखाली तो चिमट्यानं उचलताना मी श्वास रोखून धरायचे. हे खडे कोरडेच ठेवतात, कारण फॉर्मालिनमध्ये ते विरघळतात.

स्पर्म व्हेल या दात असलेल्या मोठ्या देवमाशाची गोष्ट निराळी. त्याचं मुख्य खाणं म्हाकूल, म्हणजे स्क्विड. घरी म्हाकूल साफ करताना पायांच्या मधोमध दाबलं की काळपट चोच बाहेर येते, ती तुम्ही पाहिली असेल. ती कायटिनची असते, पचत नाही. एका स्पर्म व्हेलच्या पोटात अशा हजारो चोची सापडतात. कोकणातून ज्या 'व्हेलच्या उलटी'च्या तस्करीच्या बातम्या येतात, त्या अंबरग्रीसमध्येही याच चोची अडकलेल्या असतात (आणि ती तयार होते आतड्यात). चोचीवरून म्हाकलाची जात आणि आकार ओळखायचं शास्त्र ज्यांनी उभं केलं, त्यांत माल्कम क्लार्क हे ब्रिटिश संशोधक अग्रणी. तरुणपणी ते देवमाशांच्या शिकारी जहाजावर निरीक्षक होते.

या चोची काय सांगतात ते २०१६ मध्ये दिसलं. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर समुद्राच्या काठी पाच देशांत मिळून ३० स्पर्म व्हेल लागले, सगळे तरुण नर. पोटातल्या चोची मुख्यतः गोनॅटस फॅब्रिसी या म्हाकलाच्या निघाल्या. हे म्हाकूल उत्तरेकडच्या थंड, खोल पाण्यातलं, नॉर्वेजियन समुद्रातलं. उथळ उत्तर समुद्रात शिरल्यावर काही खाल्ल्याची खूण त्यांच्या पोटात नव्हती. म्हणजे शेवटचं जेवण कुठे झालं ते चोचींनी सांगितलं. काहींच्या पोटात प्लास्टिक आणि जाळीही निघाली. वर्तमानपत्रांनी तेच फोटो छापले, पण ते मृत्यूचं कारण नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. नाही, पोटातून सगळं समजत नाही. पोटात उरतं ते न पचलेलं. चोची दिवसेंदिवस साचतात, माशांचे खडे झिजून जातात आणि मऊ कोळंबीचा मागमूसही उरत नाही. नुसतं मोजत बसलं तर म्हाकूल खरोखरीपेक्षा जास्त दिसतं. शिवाय किनाऱ्याला लागलेलं जनावर पुष्कळदा आजारी, उपाशी असतं. त्याचं शेवटचं जेवण हे त्याचं रोजचं जेवण नव्हे.

म्हणून कातडीचा तुकडा घेतात आणि त्यातला जड नायट्रोजन, म्हणजे नायट्रोजनचंच थोडं जास्त वजनाचं रूप, मोजतात. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की तो साधारण हजारी तीनाने वाढतो, त्यामुळे देवमासा कुठल्या पायरीवरचं खात होता याचा अंदाज येतो. कातडी मागच्या काही आठवड्या-महिन्यांचं सांगते. ज्यांना दातांऐवजी बलीनची झालर असते, त्यांच्यात तर वर्षानुवर्षांची नोंद मिळते, कारण बलीन आपल्या नखांसारखं केराटिनचं असतं आणि सतत वाढत राहतं. मुळापासून टोकापर्यंत थोड्या थोड्या अंतरावर नमुने घेतले की वर्षामागून वर्षाचे चढउतार समोर येतात. मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.

जिवंत देवमाशाच्या विष्ठेतल्या डीएनएवरूनही हे कळतं. श्रीलंकेजवळच्या निळ्या देवमाशांचा असा अभ्यास झाला. निळा देवमासा क्रिल (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव) खातो, असं आपण शाळेपासून ऐकतो, पण तिथे निघाली सर्जेस्टिड कोळंबी. आपला जवळा त्याच कुळातला! ते वाचलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं.

आपल्याकडेही देवमासे लागतात. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा जिवंत लागला आणि तिथेच मेला. असं धूड बहुधा जेसीबीनं खड्डा खणून पुरतात. दुर्गंधी आणि गर्दी पाहता ते बरोबरच आहे, पण पुरण्याआधी अंगठ्याएवढी कातडी, एक बलीन आणि दोन्ही टोकं बांधून काढलेलं पोट मिळालं, तर वर सांगितलेलं बरंचसं काम होऊ शकतं. तुम्हाला कुठे असा देवमासा दिसला तर लगेच वनविभागाला कळवा आणि तोंडाच्या आतले फोटो काढून ठेवा. स्वतः काही कापू नका, उचलू नका. देवमाशांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि कुजणाऱ्या धुडात वायू साठून ते फुटूही शकतं.