हार्वेस्टरवर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

गव्हाच्या हंगामात पंजाबातून आपल्याकडे येणाऱ्या अनेक हार्वेस्टरांना, म्हणजे पीक कापून मळणाऱ्या यंत्रांना, बंद केबिन नसते आणि चालकाशेजारी दुसरे आसनही नसते. तसे आसन व कठडा असेल तरच वर बसावे, धान्याच्या टाकीच्या काठावर बसण्याचा आग्रह कोणी कितीही प्रेमाने केला तरी नाकारावा. उपरणे, ओढणी नको. मास्क आणि चष्मा मात्र हवाच, कारण कुसळे आणि धूळ सतत अंगावर येते.

दव असताना काड ओले राहते व ओंब्या नीट मळल्या जात नाहीत, म्हणून काम ऊन चढल्यावरच सुरू होते. पुढचे फिरते चक्र सगळेच पाहत बसतात, पण खरी पारख टाकीत आणि मागे पडणाऱ्या भुसकटात होते: टाकीत फुटके दाणे वाढले तर मळणीचा ड्रम फार वेगाने फिरत असावा किंवा त्याखालच्या जाळीचे अंतर कमी असावे, आणि भुसकटाबरोबर चांगले दाणे जात असतील तर पंख्याचा वारा अधिक असावा किंवा यंत्र पिकाच्या मानाने फार जोरात हाकले जात असावे. कापणीच्या पात्यांत काही अडकले, तरी इंजिन बंद होऊन सर्व फिरते भाग थांबेपर्यंत खाली उतरू नये.