फिनलंडमध्ये शाळकरी मुलांचे नंबर काढत नाहीत, मग दक्षिण कोरियात एवढी चढाओढ का?

माझ्या मते फरक मुलांच्या स्वभावात नाही, एका परीक्षेवर किती गोष्टी टांगल्या आहेत यात आहे. कोरियात नोव्हेंबरमधल्या ‘सुनुंग’ परीक्षेच्या एका दिवसावर अनेकांचं विद्यापीठ ठरतं आणि विद्यापीठावर बऱ्याचदा नोकरी. त्या दिवशी इंग्रजीची श्रवण चाचणी चालू असताना देशभर विमानांची उड्डाणं थांबवतात, रस्ते मोकळे राहावेत म्हणून ऑफिसं उशिरा उघडतात. सोलमध्ये तर क्लासेस रात्री 10 वाजता बंद करा, असा नियमच करावा लागला. दहा! म्हणजे त्याआधी पोरं कधी घरी जात असतील?

फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जातं आणि देशपातळीवरची मोठी परीक्षा थेट उच्च माध्यमिकच्या शेवटी येते. तोवर वर्गातले शिक्षकच मूल्यमापन करतात.

आणि 2000 सालच्या पहिल्या ‘पिसा’ चाचणीत (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) दोन्ही देश वरच्या फळीत होते. त्यामुळे ‘चढाओढ नसेल तर मुलं अभ्यासच करणार नाहीत’ हे मला पटत नाही. माझ्या भाचीने पाचवीच्या स्कॉलरशिपचा निकाल हातात घेतला, तेव्हा स्वतःचे गुण बघायच्या आधी मैत्रिणीचे विचारले. तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.