शरदातल्या शिंका : सर्दी की ॲलर्जी?

प्रश्न : शरद ऋतू लागला की दरवर्षी सकाळी उठल्याबरोबर मला लागोपाठ शिंका येतात, नाकातून पाणी वाहते आणि डोळे चुरचुरतात. हा त्रास दीड-दोन महिने टिकतो. अँटिबायोटिकचा काहीच उपयोग झाला नाही. नाकात घालायच्या थेंबांनी पूर्वी लगेच आराम पडत असे, पण आता ते घातल्याशिवाय नाक उघडतच नाही. ही सर्दीच आहे का? पुढच्या वर्षी हा त्रास टाळता येईल का?

उत्तर : आपली लक्षणे साध्या सर्दीपेक्षा ॲलर्जीची अधिक वाटतात. सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते, तिच्यात घसा दुखतो, कधी कणकण येते. डोळ्यांना खाज सुटणे, पातळ पाणी वाहत राहणे आणि तोच त्रास दरवर्षी त्याच सुमारास परतणे ही ॲलर्जीची खूण आहे. शरदात तणांचे, विशेषतः समशीतोष्ण प्रदेशांत रॅगवीडचे, परागकण हवेत पसरतात आणि ओल्या पालापाचोळ्यावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणूही त्यांत मिसळतात. शरीर या निरुपद्रवी कणांना शत्रू समजते, नाकाच्या अस्तरातील पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात आणि शिंका सुरू होतात. येथे जंतुसंसर्ग नसल्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग होणार नव्हताच.

आता थेंबांविषयी, कारण मला खरी काळजी त्यांचीच वाटते. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असलेले थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक मोकळे करतात. मात्र ते तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरले तर असर उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा जास्त सुजते, माणूस पुन्हा थेंब घालतो आणि हे चक्र थांबत नाही. आपले नेमके हेच झाले असावे. ते सोडताना काही दिवस नाक चोंदलेले राहील, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे सुरू करून थेंब बंद करावेत.

फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचे हे स्प्रे त्रास झाला की एकदा मारून बघण्यासाठी नसतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे पुढच्या वर्षी त्रासाचा काळ सुरू होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून, डॉक्टरांना विचारून, ते रोज वापरावेत. मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा आणि नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरावे. नंतर जोरात हुंगू नये, नाहीतर औषध घशात उतरते. पडद्यावर फवारा बसत राहिला तर नाकातून रक्त येऊ शकते, आणि याच चुकीमुळे अनेकजण चांगले औषध मध्येच सोडतात.

शिंका आणि खाज यांसाठी सेटिरिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन यांसारखे ॲलर्जीविरोधी औषध उपयोगी पडते, पण सेटिरिझिनने काहींना झोप येते, हे वाहन चालवण्यापूर्वी लक्षात घ्यावे. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे असल्यास पाणी उकळून थंड केलेलेच असावे. पाला गोळा करताना मास्क लावावा, बाहेरून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत.

एवढे करूनही त्रास राहिला तर त्वचेवरील ॲलर्जी चाचणी आणि साधारण तीन ते पाच वर्षे चालणारी इम्युनोथेरपी (ॲलर्जी करणाऱ्या कणांची शरीराला हळूहळू सवय लावणारे उपचार) यांबद्दल तज्ज्ञांशी बोलावे. छातीत घरघर होत असेल, धाप लागत असेल किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर दम्याची तपासणी लगेच करून घ्यावी.